अर्ध्यावर अडलेला रोटाव्हेटर

प्रिय तृप्तीताई,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, इकडे भाताची रोवणी ऐन भरात आहे, रविवारी माझं येणं काही जमत नाही, त्यापेक्षा सूरजभाऊजींच्या ओळखीचा मिस्त्री पाठवते, तो ट्रॅक्टरची लिफ्ट नीट करून देईल. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. ते लगेच म्हणाले, "हो हो, मिस्त्रीच पाठव, तू कायले येतेस एवढ्या कामात." मला जे बोलायचं होतं ते फोनवर बोलता येण्यासारखं नव्हतं, कारण आपल्या घरी फोन म्हटला की बाबांचा कान आणि तुझ्या घरी तुझ्या सासूबाईंचा. म्हणून हे पत्र. शाळेतल्या निबंधानंतर इतकं लांब मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शेजारचा बाबुलाल उद्या त्याच्या साळ्याकडे तुमच्या सिहोऱ्याला जातो आहे, त्याच्या हाती देतो. तो ते तुलाच देईल, सासूबाईंना नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे.

आधीच सांगतो, हे पत्र काही फार गोड नाही. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, ट्रॅक्टर घरी आला तेव्हापासूनचा. मी तेव्हा भंडाऱ्याला होस्टेलवर होतो. सुट्टीत घरी आलो तर अंगणात नवाकोरा छोटा ट्रॅक्टर उभा, आणि समोर बोनेटवर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'तृप्ती'. आपल्या पंचक्रोशीत कोणाचाही ट्रॅक्टर बघ, त्यावर पोराचं नाव असतं. दोन पोरं असली तर दोघांची असतात. आपल्या बाबांच्या, म्हणजे सोमाजीच्या ट्रॅक्टरवर मात्र पोरीचं नाव, आणि घरात पोरगा असून. तुझं लग्न झालं, चावी माझ्याकडे आली, तेव्हा मी बाबांना सहज म्हणून सुचवलं होतं की मागच्या बाजूला माझंही नाव टाकू. बाबा म्हणाले, "मांगं चिखल उडते, नाव दिसनार नाही." तेव्हापासून मी रोज तुझ्या नावामागे बसून चिखल तुडवतो आहे.

लिफ्टचं काय झालं ते बाबांनी तुला फोनवर सांगितलं, पण त्यांनी त्यांच्या सोयीनं सांगितलं. माझ्याकडून ऐक. सोमवारी धानाच्या खालच्या बांधीत पावसाचं पाणी बरं साचलं होतं, म्हणून चिखलणी तिथून सुरू केली. तलावाच्या पाण्याची आपली पाळी येत्या सोमवारपासून आहे, तोवर निदान खालचं उरकून घ्यावं असा विचार. एक बांधी मस्त झाली. दुसरीत जायला मधल्या मातीच्या धुऱ्यापाशी आलो, लिव्हर नेहमीसारखा शेवटापर्यंत ओढला, आणि मागचा रोटाव्हेटर लिफ्टवर जेमतेम वीतभर उचलला जाऊन थांबला. एरवी तो गुडघ्याच्या वर येतो, तुला माहीतच आहे. मला वाटलं येईल, येतो आहे. तोवर पुढची चाकं धुरा चढून उतरली होती आणि मागून रोटाव्हेटरनं धुरा पार कापून काढला. सगळं पाणी बाबुलालच्या बांधीत. त्याची सीताबाई तिकडे बायांसोबत पऱ्ह्यांची रोपं खोदत होती, तिथूनच ओरडली, "काय करून राहिला रे मोनू, पाणी दान करून राहिला काय आमाले?" सगळ्या बाया खिदळल्या.

बाबा आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. फुटक्या धुऱ्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "तृप्ती राहिली असती तं एक ढेकूळ नसतं पडलं." तुला सांगतो ताई, नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की चावी तिथंच चिखलात फेकून घरी यावं असं वाटलं. संध्याकाळी बाबा एकटेच फावडं घेऊन धुरा बांधायला गेले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, "तू राहू दे, मी करतो." मला वाटलं, माझ्या हाताला आता धुऱ्याची मातीही लावू द्यायची नाही असं ठरलेलं दिसतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही.

तुझं धुरा ओलांडणं मी पाहिलेलं आहे. खोटं कशाला बोलू. धुऱ्याच्या अलीकडेच तू रोटाव्हेटरचं फिरणं बंद करायचीस, मग लिफ्ट वर, मग हळूच पुढची चाकं चढवायची, आणि मागची चढताना मान वळवून नुसतं एकदा पाहायचीस. रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघायचे. मोहाडीच्या बाजारात लोक बाबांना विचारायचे, पोरीला शिकवलं कोणी? बाबा मिशीत हसायचे. मी तसंच सगळं करतो. अगदी तसंच. पण माझ्यासाठी कोणी सायकल थांबवत नाही, कारण मी पोरगा आहे, मला ते यायलाच पाहिजे. आणि चुकलं की आठवण तुझी निघते.

मग माझे दिवस लिफ्टच्या पाठीमागे गेले. पहिल्यांदा हायड्रॉलिकचं तेल पाहिलं, बरोबर खुणेवर. तेलाचा फिल्टर काढून धुतला, त्यात कचरा नव्हता. मग वाटलं, मागच्या दांड्यांना उचलणाऱ्या रॉडची पिन चुकीच्या भोकात बसली असेल, ती पुढच्या भोकात घालून पाहिली, वीतभराचं सव्वा वीत झालं. वरची टॉप लिंक आखूड केली तर रोटाव्हेटरनं नुसती शेपटी वर केली आणि शाफ्ट असा खडखडायला लागला की घाबरून पुन्हा होती तशी केली. शेवटी रोटाव्हेटरच सोडून ठेवला आणि रिकामी लिफ्ट उचलून पाहिली. रिकामी असूनही ती त्याच जागी थांबली! वजनाचा प्रश्नच नव्हता. लाखनीच्या सुखराम मिस्त्रीला दाखवायला ट्रॅक्टर हायवेनं तिकडे घेऊन गेलो. त्याच्या दुकानासमोर सात-आठ ट्रॅक्टर उभे होते. त्यानं उभ्या उभ्या लिव्हर ओढून पाहिला, कान दिला आणि म्हणाला, रोवणी झाली की घेऊन ये, निवांत उघडून पाहू. आणि रोज संध्याकाळी हात धुवून जेवायला बसलो की बाबांचं एकच: "तुले नाही समजत ते. तृप्तीले बोलाव."

म्हणून तो व्हिडिओ कॉल. तुला आठवत असेल, तू पहिल्यांदा विचारलंस, "लिफ्ट थांबते तवा आवाज येते का रे? कण्हल्यासारखा?" मी म्हटलं, नाही, चुपचाप थांबते. तू म्हणालीस, मग पंपाला काही झालेलं नाही, तिला कुठंतरी कोणी अडवतं आहे. मग तू म्हणालीस, "ते सीटखालची बारकी सळई पाहिली का?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पाहिली म्या. नट टाइट हाय. ते नाही." तू विश्वास ठेवलास. मीही ठेवला. बाबांनी पाहिलं म्हणजे पाहिलं. फोन ठेवल्यावर बाबांनी माझ्यासमोरच तुझ्या सासूबाईंना फोन लावला. आपले बाबा, जे तहसील कचेरीत साहेबासमोरसुद्धा मान खाली घालत नाहीत, ते चंद्रभागाबाईंना म्हणत होते, "बाई, एका रोजासाठी पाठवा पोरीले. मशीन बंद हाय, दुसऱ्या कोनाले जमत नाही." दुसऱ्या कोणाला म्हणजे मला. मी तिथंच बसलो होतो, ताई. भिंतीला टेकून.

बाबा तुझ्याकडे येऊ शकत नाहीत, हे तुला सांगायला नको. लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत हा त्यांचा हट्ट. आता गावात कितीजण पाळतात ते? कोणी नाही. मागे मंडईच्या जत्रेच्या दिवसांत मी त्यांना मोटारसायकलवर सिहोऱ्याला आणलं होतं. घरून पाण्याची बाटली भरून घेतली होती. तुझ्या छपरीत अर्धा तास बसले, चहा नाही, पाणी नाही, तुझ्या सासूबाई चिडल्या आणि तू रडवेली झालीस. गेल्या वर्षी राखीला तू आली नाहीस. पोळ्याला आली नाहीस. दिवाळीत उभ्या उभ्या येऊन गेलीस. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं आहे, आता तरी या घरात मी दिसेन. वाईट वाटून घेऊ नकोस, पण म्हटलं होतं.

आता कालचं. तू येत नाहीस म्हणालीस, आणि मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. आईनं बाबांना विचारलं, तृप्ती येणार म्हणून आयत्यांच्या धिरड्यांसाठी तांदूळ भिजवणार होते, भिजवू की नको? बाबा म्हणाले, "राहू दे आता." ताटात भात तसाच ठेवून उठले. मी माझं ताट चाटूनपुसून साफ केलं. मनात आलं, मिस्त्री यायच्या आधी ही लिफ्ट मीच उचलून दाखवतो. मग बघू बाबा कोणाचं नाव घेतात.

आज सकाळी बाबा तलावावर पाण्याच्या पाळीचं विचारायला गेले आणि मी सीट काढली. तू त्या सळईचं म्हणाली होतीस ते डोक्यातून जात नव्हतं. बाबांनी पाहिली असली तरी त्यांची नजर आता पूर्वीची नाही, असा विचार करून मी बॅटरी घेऊन आत वाकलो. तुला बाबांची ती सवय आठवते ना? कुठलाही नट आवळला की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका सरकला म्हणजे नट ढिला झाला. आपल्या ट्रॅक्टरच्या प्रत्येक चाकावर ते पांढरे ठिपके आहेत, आणि तूही तसंच करायचीस, आईच्या पानाच्या डब्यातला चुना चोरून. तर त्या सळईवर दोन ठिपके होते. एक जुना, धुळीनं काळा पडलेला, नटापासून लांब. आणि नट जिथं आता होता तिथं एक ताजा, पांढराशुभ्र. दोन्हींच्या मधले आटे चकचकीत उघडे पडले होते. बोटाएवढी सळई ती. लिफ्टचा हात वर गेला की आतल्या व्हॉल्व्हला सांगते, बस, आता थांब. कोणीतरी ती फिरवून ठेवली होती, म्हणजे लिफ्टला 'थांब' अर्ध्यातच ऐकू जात होतं. कोणी, ते विचारायची गरज नव्हती. बाबांनी बिघाड केला, पण ठिपका दिल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

आधी धुरा आठवला. सीताबाईचं हसणं आठवलं. लाखनीच्या हायवेवर ट्रकवाल्यांच्या शिव्या खात मी ट्रॅक्टर चालवत नेला ते आठवलं. आठवडाभर हा माणूस माझी फजिती बघत होता. मग लक्षात आलं, त्या संध्याकाळी फावडं घेऊन ते एकटे का गेले, आणि मला धुऱ्याला हात का लावू दिला नाही. त्यांना धुरा फुटेल असं वाटलं नव्हतं. आणि मग, ताई, खरा जळफळाट झाला, आतापर्यंतचा सगळा त्यापुढे काहीच नाही असा. मी होस्टेलवर होतो तेव्हा तापानं फणफणलो होतो, बाबांनी निरोप पाठवला, परीक्षा देऊनच ये. माझ्यासाठी त्यांनी कधी एक दिवस काम बंद ठेवलं नाही. आणि तुला एका दिवसासाठी घरी आणायला या माणसानं ऐन रोवणीत आपला धडधाकट ट्रॅक्टर बिघडवला. तुझ्यासाठी विहिणीपुढे खोटं बोलले. माझ्यासाठी कोणी काही बिघडवेल का ग कधी?

रागारागात मी तेराचा पाना घेतला, नट ढिला केला, सळई फिरवून जुन्या ठिपक्याशी आणली, ट्रॅक्टर चालू केला आणि लिव्हर ओढला. रोटाव्हेटर सरळ वर आला, पूर्ण, नेहमीसारखा. मला ओरडून सगळ्या गावाला बोलवावंसं वाटलं. बाबा तलावावरून आले की तो तसाच हवेत ठेवून समोर उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, असंही ठरवून टाकलं. तेवढ्यात आई दारात आली. वर उचललेल्या रोटाव्हेटरकडे थोडा वेळ पाहत राहिली. म्हणाली, "झाला का नीट बापा? बरं झालं." आणि आत जाता जाता म्हणाली, "मंग आता तं मिस्त्री बी नाही येत, अन् तृप्ती बी नाही." भिजवलेले तांदूळ तिनं काल परत सुपात पसरून ठेवले होते. म्हणजे विचारायच्या आधीच तिनं ते भिजवले होते.

मी रोटाव्हेटर खाली केला. सळई पुन्हा फिरवली, बाबांनी ठेवली होती तिथंच नेली, नट आवळला. पण बोटं लागून बाबांचा ताजा ठिपका पुसला गेला होता. तो नसता तर त्यांना कळलं असतं. बाबा आले, छपरीत टेकले, आणि मी जवळ जाऊन म्हटलं, बाबा, जरा चुना द्या. ते माझ्याकडे बघतच राहिले. "कधीपासून खाऊन राहिला तू?" मी मान खाली घातली. ताई, त्यानंतर मला जी बोलणी बसली, घराण्याचं नाव, दातांचं वाटोळं, आईचे कष्ट, सगळं सगळं आलं. मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, तुला माहीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि बोटभर चुना घेऊन ट्रॅक्टरच्या मागे गेलो. ठिपका थोडा मोठा पडला. त्यांच्या लक्षात येणार नाही.

तर मिस्त्री पाठवू नकोस. सीटखाली वाकला की त्याला ते लगेच सापडेल, हसेल, भाऊजींना सांगेल, भाऊजी सासूबाईंना सांगतील, आणि बाबा पुन्हा कधी तुझ्या दारात अर्धा तासही बसणार नाहीत. तूच ये. सासूबाईंना म्हणावं, मिस्त्रीला नाही जमणार, मोनूनं पार बिघडवून ठेवलं आहे. माझं नाव खराब झालं तर होऊ दे, ते कुठं रंगवलेलं आहे. आलीस की लगेच सीट काढू नकोस. आधी तेल पाहा, फिल्टर पाहा, मी जे जे पाहिलं ते सगळं पुन्हा पाहा, दुपार होऊ दे, आयते खा. बाबा खाटेवर बसून तुझ्याकडे बघत राहतील आणि मी बाजूला उभा राहून जळत राहीन, ते मला जमतं. फक्त एक कर. सळई सापडली की पाना माझ्या हातात दे आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हण, मोनू, हे तू कर, तुला येतं. नट मी आवळतो. ठिपका बाबांना देऊ दे. आणि लिव्हर तू ओढ, रोटाव्हेटर वर जाताना मला त्यांचा चेहरा पाहायचा आहे. त्या सोमवारी धुऱ्यावर त्यांची पाठ माझ्याकडे होती.

रविवारी वाट बघतो आहे, असं बाबा म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो.

तुझाच,
ट्रॅक्टरवर नाव नसलेला
मोनू